ईमेल-यादी शुद्ध करून देणारी सेवा: दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

आमची संस्था प्रौढांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि दर पंधरवड्याला सदस्यांना ईमेलने एक वार्तापत्र पाठवते. ते पाठवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पत्त्यांची यादी मात्र माझ्या आधीपासूनची आहे आणि जवळपास नऊ वर्षे तिच्यावर थर चढत गेले होते: काही पत्ते संकेतस्थळावरील फॉर्ममधून आलेले, काही व्याख्यानांच्या वेळी कागदावर लिहून घेतलेले आणि नंतर कोणीतरी टंकलेले, तर काही अशा एक्सेल फाइलींमधून आलेले, की त्या फाइली मुळात कोणी आणि कशासाठी बनवल्या होत्या हे सांगणारे आता संस्थेत कोणीच उरलेले नाही. एकूण आकडा अठरा हजारांच्या आसपास होता आणि वार्षिक अहवालात तो मोठ्या अभिमानाने छापला जात असे. मग एके दिवशी, आमचे मेल ज्या कंपनीमार्फत जातात तिने कळवले, की पोहोचू न शकल्यामुळे परत येणाऱ्या मेलांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले आहे आणि ते आटोक्यात आले नाही तर खाते थांबवावे लागेल. त्या पत्रानंतर आठवडाभरात आम्ही पत्ते पडताळून देणारी एक सशुल्क सेवा घेतली. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी सांगितल्या आहेत त्या या वर्गातील अनेक सेवांत कमी-अधिक प्रमाणात आढळतात, आणि अशी सेवा घेऊ पाहणाऱ्याला कोणते प्रश्न आधी विचारावेत हे कळले तर ते अधिक कामाचे ठरेल.

ताकीद मिळणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेचे उदाहरण घेतले तर परत येणाऱ्या मेलांचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येते आणि १० टक्क्यांवर गेले की पाठवणे थांबवले जाऊ शकते. यादी बिघडण्यासाठी कोणी काही चुकीचे करावे लागत नाही. माणसे नोकरी बदलतात आणि कार्यालयीन पत्ते बंद होतात, लहान कंपन्या गुंडाळल्या जातात आणि त्यांच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या नावाची, मुदत संपते, शिवाय गूगलने तर सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली आहे. नऊ वर्षे यादीला हात न लावता दर पंधरवड्याला तिच्यावर मेल पाठवत राहणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा प्रकार होता, आणि तो आम्ही पैसे मोजून करत होतो, कारण मेल पाठवणारी कंपनी शुल्क आकारते ते पत्त्यांच्या संख्येवर.

सगळी यादी सेवेच्या हाती देण्यापूर्वी मी एक छोटी परीक्षा घेतली. ज्यांची स्थिती मला पक्की ठाऊक होती असे वीस पत्ते एका वेगळ्या फाइलीत घातले. त्यांत माझे आणि सहकाऱ्यांचे चालू पत्ते होते, नोकरी सोडून गेलेल्यांचे बंद केलेले पत्ते होते, कधीच अस्तित्वात नसलेली दोन-तीन मनगढंत नावे होती आणि आमच्याच एका जुन्या डोमेनवरचा असा पत्ता होता जिथे कोणत्याही नावाने आलेला मेल स्वीकारला जातो. निकाल काही मिनिटांत आला आणि तो बऱ्यापैकी समाधानकारक होता. बंद आणि मनगढंत पत्ते सगळे ओळखले गेले. चालू पत्त्यांपैकी मात्र एकाच्या पुढे ‘अज्ञात’ असा शेरा आला. तो पत्ता ज्या सहकाऱ्याचा होता ते त्या क्षणी शेजारच्या टेबलावर बसून त्याच पत्त्यावरून मेल पाठवत होते. असे का झाले हे शोधताना या सेवांचे काम कसे चालते ते नीट समजले, आणि ते समजल्याशिवाय त्यांच्या निकालपत्रकाचा अर्थ लावणे कठीण आहे असे माझे मत झाले.

ईमेलची देवाणघेवाण ज्या प्रोटोकॉलने होते तो एसएमटीपी हा ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यापासून आजवर मूळ आराखड्यात फारसा बदललेला नाही. पाठवणारा सर्व्हर आधी डोमेनच्या नोंदीत पाहून त्या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो हे शोधतो, त्याच्याशी जोडणी करतो, स्वतःची ओळख सांगतो, प्रेषकाचा पत्ता सांगतो आणि मग ज्याला मेल द्यायचा त्याचा पत्ता सांगतो. समोरून २५० हा आकडा आला तर पत्ता मान्य, ५५० आला तर नकार, आणि ४ ने सुरू होणारा आकडा आला तर तूर्त नाही, नंतर या. यानंतर खरे तर मजकूर पाठवायचा असतो. पडताळणी करणारी सेवा तेवढे करत नाही. ती उत्तर ऐकते आणि मजकूर न देताच जोडणी तोडते. दारावर जाऊन ‘अमुक येथेच राहतात ना?’ असे विचारून टपाल न देता परतणाऱ्या माणसासारखे हे आहे. त्याला मिळणारी सगळी माहिती पहारेकऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. पत्ता आहे की नाही हे सरळ विचारण्याची एक वेगळी आज्ञाही त्या १९८२ च्या मसुद्यात होती, परंतु स्पॅम पाठवणाऱ्यांनी तिचा वापर पत्ते गोळा करण्यासाठी सुरू केल्यामुळे बहुतेक सर्व्हरांनी ती केव्हाच बंद करून टाकली आहे.

आता त्या ‘अज्ञात’ पत्त्याकडे वळतो. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेस मुद्दाम ४५० किंवा ४५१ सांगून परत पाठवतात, कारण खरा मेल सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो आणि घाईत असलेला स्पॅमवाला बहुधा येत नाही. या पद्धतीला ग्रेलिस्टिंग म्हणतात. आमच्या सहकाऱ्यांचा सर्व्हर तसाच होता. पडताळणी सेवेने एकदा दार ठोठावले, ‘नंतर या’ हे उत्तर ऐकले आणि पुन्हा न जाता ‘अज्ञात’ असे लिहून दिले, शिवाय त्या न मिळालेल्या उत्तराचे एक क्रेडिटही (पत्ता तपासण्यासाठी आधी विकत घेतलेले एकक) कापून घेतले. मुख्य यादी तपासल्यावर असे ‘अज्ञात’ पत्ते काही शेकड्यांत निघाले. मी तेच पत्ते दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकले तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक पत्ते ‘योग्य’ ठरले, अर्थात क्रेडिट दुसऱ्यांदा मोजून. माझ्या दृष्टीने या सेवेचा हा सर्वांत मोठा दोष आहे. ज्या पत्त्याबद्दल काहीच सांगता आले नाही त्याचे पैसे घेणे योग्य नाही, आणि काही तासांच्या अंतराने स्वतःहून पुन्हा प्रयत्न करणे हे तर या व्यवसायाचे प्राथमिक काम आहे. सेवा घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

दुसरा प्रश्न ‘कॅच-ऑल’ पत्त्यांविषयीचा. ज्या डोमेनवर कोणत्याही नावाला २५० हेच उत्तर मिळते, तेथे पहारेकरी सर्वांनाच होकार देतो आणि मग विचारपूस करण्याला अर्थ उरत नाही. या बाबतीत आमच्या सेवेने प्रामाणिकपणा दाखवला हे नोंदवले पाहिजे. तिने अशा पत्त्यांना ‘योग्य’ म्हटले नाही, वेगळ्या गटात ठेवले. मात्र निकालपत्रकाच्या शेवटी ‘केवळ योग्य गटच ठेवावा’ अशी जी ठळक शिफारस होती ती पाळली असती तर ओल्याबरोबर सुकेही जळाले असते. कार्यालयीन डोमेनांपैकी बरेच डोमेन असे उदार असतात आणि आमच्या अभ्यासक्रमांना शुल्क भरून येणाऱ्यांपैकी कितीतरी जण कार्यालयीन पत्ता देतात. मी त्या गटातील प्रत्येक पत्त्याची आमच्या नोंदणीच्या नोंदींशी गाठ घालून पाहिली. ज्याने गेल्या दोन वर्षांत एखादा वर्ग केला होता तो पत्ता डोळे मिटून ठेवला, आणि उरलेल्यांना एकदम मेल न पाठवता प्रत्येक अंकाबरोबर पन्नासपन्नासच्या तुकड्या पाठवून कोणते परत येतात ते पाहिले. हे काम संथ आणि कंटाळवाणे आहे, परंतु ते करणारे यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

‘इनबॉक्स भरलेला’ हा शेरा असलेले पत्ते सेवेने सरळ ‘अयोग्य’ गटात टाकले होते. ते मी बाजूला काढून तीन महिन्यांनी पुन्हा तपासले. थोडेच सावरले, बाकीचे तसेच भरलेले होते, तेव्हा ते वगळले.

व्यक्तीच्या नावाचे नसून कामाच्या नावाचे असलेले पत्ते, म्हणजे ‘माहिती’, ‘विक्री’, ‘संपर्क’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होणारे, सेवेने ‘जोखमीचे’ ठरवले. या ठरवण्यामागे कारण आहे. असा पत्ता अनेक जण मिळून वाचतात, त्यांच्यापैकी एकाने नाव नोंदवलेले असते आणि दुसरा तोच मेल स्पॅम म्हणून ढकलून देतो. तरीही जोखमीचा आणि निरुपयोगी यांत अंतर आहे. एखाद्या वाचनालयाचा किंवा लहान संस्थेचा तेवढा एकच पत्ता असतो आणि तेथे आमचे वार्तापत्र छापून फलकावर लावले जाते, हे पत्त्याकडे पाहून कोणत्याही यंत्राला कळणार नाही. असे पत्ते मी एकेक करून पाहिले आणि बहुतेक ठेवले.

चुकीच्या टंकलेखनाची दुरुस्ती ही या सेवेची सर्वांत आकर्षक वाटणारी आणि माझ्या मते सर्वांत सांभाळून वापरण्याची सोय आहे. जीमेलच्या स्पेलिंगमधील अक्षरांची अदलाबदल, ‘कॉम’च्या शेवटी ‘एम’ऐवजी ‘एन’, याहूच्या शेवटी एक ‘ओ’ जास्त, अशा चुका ती शोधते आणि एका बटनावर सगळ्या ‘दुरुस्त’ करून देण्याची तयारी दाखवते. कागदावरून टंकलेल्या आमच्या पत्त्यांत अशा चुका भरपूर होत्या, त्यामुळे मोह झाला हे कबूल करतो. पण दुरुस्त झालेला पत्ता त्याच माणसाचा असेल याची खात्री काय? @ च्या आधीच्या नावातही एखादे अक्षर चुकले असेल तर आपण डोमेन दुरुस्त करून मेल कोणा भलत्याच माणसाच्या दारात नेऊन टाकतो, आणि त्या माणसाने तर आपल्याला कधी परवानगी दिलेलीच नसते. आणखी एक गंमत अशी, की शेवटी ‘डॉट सीओ’ असलेला एका सदस्याचा पत्ता सेवेने ‘डॉट कॉम’ करून सुचवला. ‘डॉट सीओ’ हा कोलंबिया देशाचा अधिकृत डोमेन आहे, तो जगभर अनेक कंपन्या वापरतात आणि या सदस्याचा पत्ता पूर्णपणे बरोबर होता. तेव्हापासून दुरुस्त्यांची यादी मी केवळ सूचना म्हणून उतरवून घेतो आणि नोंदणीचा मूळ कागद किंवा शुल्काची पावती जिथे सापडते तिथेच बदल करतो.

याच्या उलट, जी चूक सेवेने पकडायला हवी होती ती तिने सोडली. जीमेल पत्त्याच्या नावातील टिंबे मोजत नाही आणि अधिक चिन्हापुढचा मजकूरही दुर्लक्षिते, त्यामुळे टिंबासह, टिंबाविना आणि अधिक चिन्ह लावून नोंदवलेले तीन पत्ते एकाच माणसाच्या एकाच इनबॉक्सात जातात. सेवा केवळ अक्षरशः सारखे पत्तेच दुहेरी मानते. आमच्याकडे अशी दोन-तीनदा नोंदली गेलेली बरीच माणसे निघाली, ती मी एक्सेलमधील एका सूत्राने शोधली. आपल्याकडून एकाच मेलच्या तीन प्रती येतात म्हणून वैतागलेल्या एका बाईंनी पूर्वी तक्रार केली होती, तिचा उलगडाही तेव्हा झाला.

स्पॅम पकडण्यासाठी लावलेले सापळे काढून देण्याचा दावा सेवेच्या पहिल्याच पानावर आहे. त्याकडे मी साशंकतेने पाहतो. सापळे साधारण तीन प्रकारचे असतात: कधीच कोणा माणसाचा नव्हता असा, केवळ पत्ते चोरणाऱ्यांना पकडण्यासाठी पेरलेला पत्ता, पूर्वी खऱ्या माणसाचा असलेला, मग बंद होऊन बराच काळ मेल नाकारत राहिलेला आणि त्यानंतर सापळा म्हणून पुन्हा जिवंत केलेला पत्ता, आणि प्रसिद्ध डोमेनच्या चुकीच्या स्पेलिंगवर लावलेला पत्ता. १९९८ पासून काम करणाऱ्या स्पॅमहाउससारख्या स्पॅमविरोधी संस्था आपले सापळे गुप्त ठेवतात, कारण उघड झालेला सापळा कोणाला पकडणार? सापळा एसएमटीपीच्या विचारपुशीला अगदी सभ्यपणे २५० हेच उत्तर देतो. तेव्हा सेवेला चुकीच्या स्पेलिंगचे डोमेन आणि काही कुप्रसिद्ध पत्ते ओळखता येत असतील, परंतु ‘सर्व सापळे’ हा शब्दप्रयोग जाहिरातीचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या सापळ्यावर खरा उपाय एकच: पत्ता बंद होऊन मेल परत येऊ लागला की त्याच वेळी तो यादीतून काढणे, म्हणजे पुढे तो सापळा होऊन बसला तरी आपण तेथे जाणारच नाही. हे दर अंकानंतर करायचे पाच मिनिटांचे काम आहे, आणि आम्ही ते नऊ वर्षे केले नव्हते.

निकालाची फाइल उतरवून घेताना जो प्रसंग घडला तो मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. आमच्या मूळ फाइलीत पत्त्याशिवाय नाव, नोंदणीची तारीख, पत्ता कोठून मिळाला आणि सदस्यत्वाची सद्यस्थिती असे रकाने होते. सेवेने परत दिलेल्या फाइलीत, कोणतीही वेगळी निवड न केल्यास, दोनच रकाने असतात: पत्ता आणि निकाल. ज्यांनी पूर्वी सदस्यत्व रद्द केले होते त्यांचे पत्ते आम्ही चुकून वेगळे न करताच तपासायला दिले होते, आणि ते पत्ते अर्थातच जिवंत असल्यामुळे त्यांच्यापुढे ‘योग्य’ असे लिहून आले. एका सहकाऱ्याने ती ‘योग्य’ फाइल मेल पाठवण्याच्या प्रणालीत नवी यादी म्हणून चढवली. पुढचा अंक गेला आणि तासाभरात पहिले उत्तर आले. त्यात एकच वाक्य होते: ‘मी तीन वर्षांपूर्वी तुम्हाला नको म्हटले होते.’ त्यानंतर अशी आणखी काही आली, आणि उत्तर न लिहिता थेट स्पॅमचे बटन दाबणारे किती होते हे पुढील दोन दिवसांत तक्रारींच्या आलेखावरून दिसले. चूक मुख्यतः आमची होती. तरीही ग्राहकाने दिलेले रकाने न विचारता गाळून टाकणे हा सेवेच्या रचनेतील ढिसाळपणा आहे. दुसऱ्या खेपेस सर्व रकाने ठेवण्याचा पर्याय आठवणीने निवडला, तर फाइल एक्सेलमध्ये उघडताच देवनागरीतील नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उमटली. मजकूर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आहे हे एक्सेलला सांगून फाइल आयात केल्यावर नावे परत दिसू लागली, पण तोवर जीव टांगणीला लागला होता. आता आम्ही ‘पुन्हा कधीही पाठवू नये’ अशा पत्त्यांची एक स्वतंत्र यादी ठेवतो, तिला कोणतीही नवी फाइल ओलांडू शकत नाही आणि ती पडताळणीसाठी कधीच बाहेर पाठवली जात नाही.

त्या दोन दिवसांनी मला या सेवेची मर्यादा जितकी स्पष्ट दाखवली तितकी कोणत्याही माहितीपत्रकाने दाखवली नसती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला सुमारे ५००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखी लावाव्या लागतात, एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय द्यावी लागते, ती विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवून ते ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते. शेवटची अट पाहा: हजार मेलांमागे तीन तक्रारी. मेलेला पत्ता तक्रार करत नाही. तक्रार करण्यासाठी पत्त्याच्या पलीकडे एक जिवंत, वैतागलेला माणूस लागतो, आणि पडताळणी सेवा नेमक्या त्याच माणसापुढे हिरवी खूण करून ‘योग्य’ असे लिहून देते. परत येणारे मेल तिच्यामुळे खरोखरच बोटांवर मोजण्याइतके उरले, मेल पाठवणाऱ्या कंपनीची ताकीदही मागे घेतली गेली. तक्रारींचा आलेख मात्र तिच्यामुळे तसूभरही खाली आला नाही.

यावर उपाय म्हणून सेवा अधिक शुल्क घेऊन ‘सक्रियता गुण’ देते, म्हणजे हा पत्ता अलीकडे मेल उघडतो का याचा अंदाज. आम्ही तो एकदा घेतला आणि पुन्हा घेतला नाही. एक तर हे गुण कोणत्या माहितीवरून काढले जातात याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. आमचे सदस्य इतरांचे मेल उघडतात की नाही हे सेवेला कळत असेल तर आमचे मेल उघडतात की नाही हे ती दुसऱ्या कोणाला सांगत असेल, हा प्रश्न मनात येणारच. दुसरे असे, की मेल उघडल्याची नोंद हीच आता भरवशाची राहिलेली नाही. ती नोंद मेलमधील चित्र उतरवले गेले की होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीपासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयता संरक्षण सुरू असेल तर मेलमधील चित्रे माणसाने मेल पाहिला नसतानाही आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे वर्षभर काहीच न वाचणारा सदस्यही नियमित वाचक दिसतो. उलट चित्रे बंद ठेवून मन लावून वाचणारा निष्क्रिय ठरतो. कार्यालयांतील सुरक्षा प्रणाली तर मेलमधील प्रत्येक दुव्यावर स्वतःच क्लिक करून पाहतात.

त्यामुळे शेवटी आम्ही आमच्याच नोंदी धरल्या. गेल्या अठरा महिन्यांत ज्याने वर्ग केला, शुल्क भरले, मेलला उत्तर दिले किंवा खात्यात प्रवेश केला तो सक्रिय. उरलेल्यांना एक साधा मेल, ‘हे वार्तापत्र तुम्हाला यापुढेही हवे आहे का?’ अशा विषयाचा, आणि त्यात दोनच बटने. अशा मेलाने झोपलेल्यांना उठवून हात दाखवून अवलक्षण होईल, अशी भीती एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी व्यक्त केली होती आणि ती निराधार नव्हती, म्हणून तो मेल लहान तुकड्यांत आणि आधी पडताळणी झालेल्या पत्त्यांनाच पाठवला. पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र, त्यानंतर शांतता. पडताळणी सेवेचा सर्वांत चांगला उपयोग आम्हाला येथे झाला, कारण जुन्या आणि थंड पडलेल्या पत्त्यांना मेल पाठवण्यापूर्वी त्यांतील मेलेले पत्ते गाळलेले असणे फार महत्त्वाचे असते. उत्तर न देणाऱ्यांना वगळल्यावर यादी अकरा हजारांवर आली. वार्षिक अहवालासाठी आकडा मागायला आलेल्यांचा चेहरा पडला खरा, पण वर्गांची नोंदणी पूर्वीइतकीच होत राहिली.

नोंदणीच्या फॉर्मला जोडून क्षणात पत्ता तपासण्याची जी सोय आहे ती मी निःशंकपणे उत्तम म्हणेन. माणूस समोर बसलेला असतानाच ‘स्पेलिंग पुन्हा पाहता का?’ असे विचारता येते, आणि दुरुस्ती तोच करतो, म्हणून वर सांगितलेला परक्या दारात जाण्याचा धोका येथे जवळपास उरत नाही. काही मिनिटांपुरते पत्ते देणाऱ्या सेवांचे डोमेनही ती ओळखते. केवळ समोरचा सर्व्हर मंद असेल तर फॉर्म अडकून राहतो, म्हणून तीन सेकंदांत उत्तर न आल्यास नोंदणी होऊ द्यावी असे आम्ही ठरवून घेतले. त्यानंतर पुष्टीचा मेल जातोच. त्या मेलमधील दुव्यावर गेल्यावर पानावरील बटन दाबावे लागते, नुसता दुवा उघडून नोंदणी पक्की होत नाही. ही रचना मुद्दाम केली, कारण सुरक्षा प्रणालीने दुवा उघडला म्हणजे माणसाने होकार दिला असे होत नाही.

गोपनीयतेच्या बाबतीत सेवेचे वर्तन चांगले आहे. माहिती हाताळण्याचा लेखी करार मागताच मिळाला, अपलोड केलेल्या फाइली ठराविक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात आणि त्यापूर्वी स्वतःही पुसता येतात. मदत कक्ष मेलला एका दिवसात उत्तर देतो, मात्र ग्रेलिस्टिंगविषयीच्या माझ्या दोन्ही तक्रारींना शब्दशः तेच तयार उत्तर आले. घाऊक घेतलेली क्रेडिट वर्षअखेर संपतात ही गोष्ट अटींच्या तळाशी लहान अक्षरांत आहे.

मुदत संपताना सेवेने दरमहा संपूर्ण यादी तपासून देण्याची योजना आग्रहाने पुढे केली. ती आम्ही नाकारली, कारण ज्या यादीवर दर पंधरवड्याला मेल जातो आणि ज्यातून परत येणारे पत्ते त्याच दिवशी काढले जातात तिच्यात महिन्याभरात तपासण्यासारखे फारसे काही साठत नाही. फॉर्मची तपासणी तेवढी पुढे चालू ठेवली आहे आणि थोडी क्रेडिट हाताशी ठेवली आहेत, कारण कपाटातल्या एका खोक्यात चार वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेचे नोंदणीचे कागद अलीकडेच सापडले आहेत. त्यांवरील पत्ते टंकायचे की नाही यावर अजून एकमत झालेले नाही. माझे मत नाही असे आहे.